बेडकाचे माहेर आणि कासवाचे माहेर



या व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी मला विषय विचारला तेव्हा मी सांगितले, "उभयचर आणि सरीसृप यांतील भेद." ते क्षणभर गप्प राहिले आणि मग अदबीने म्हणाले, "सर, लोक येतील ना?" त्यांची शंका रास्त होती. काल याच व्यासपीठावर संतवाङ्मयावर व्याख्यान झाले, उद्या राज्याच्या अर्थकारणावर आहे, आणि मध्येच मी बेडूक आणि पाली घेऊन उभा राहिलो आहे. तरीही आपण एवढ्या संख्येने आलात याबद्दल प्रथम आपले, माझ्या आणि बेडकांच्याही वतीने, आभार मानतो.

मघापासून माझे लक्ष त्या दिव्याकडे जाते आहे. मंडपाच्या खांबावर, दिव्याच्या अगदी कडेला, एक पाल बसली आहे. अध्यक्षांनी माझी ओळख करून दिली तेवढ्या वेळात तिने तीन पाखरे मटकावली. वैशाखाचा महिना आहे. दिवसभर ऊन भाजत होते आणि जमीन अजून निवालेली नाही. पण त्या पालीला त्याचे काहीच नाही. आता दुसरीकडे पाहा. गेल्या पावसाळ्यात याच मैदानाच्या कडेला डबक्यात रात्रभर ओरडून ज्यांनी आपली झोप मोडली, ते बेडूक आज कुठे आहेत? ते परगावी गेलेले नाहीत. त्यांपैकी काही कदाचित आपल्या खुर्च्यांखालच्या मातीतच अंग आखडून पडलेले असतील. गाव एकच, उन्हाळाही एकच. पण एक प्राणी दिव्याखाली शिकार करतो आहे आणि दुसरा मातीत तोंड लपवून पावसाची वाट पाहतो आहे. असे का? या एका प्रश्नाचे उत्तर मिळाले की आजचा विषय बहुतेक संपला.

पाल, सरडा, साप, कासव, मगर हे सरीसृप, म्हणजे सरपटणारे प्राणी. बेडूक, भेक आणि ज्याची ओळख मी पुढे करून देणार आहे ते देवगांडूळ हे उभयचर. या नावांनी मात्र फार घोटाळा केला आहे. शाळेत शिकवीत असताना दरवर्षी एखादा मुलगा मला विचारी, "सर, मगर पाण्यातही राहते आणि जमिनीवरही येते. मग ती उभयचर का नाही?" प्रश्न चोख आहे. या बाबतीत मोठमोठ्यांचीही फसगत झालेली आहे. सर्व सजीवांची वर्गवारी लावणारा स्वीडनचा लिनियस याने १७५८ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात बेडूक, साप, सरडे, कासवे यांना एकाच वर्गात कोंबले, आणि वर शार्क माशांनाही त्यातच जागा दिली. त्याला या प्राण्यांची मनस्वी किळस होती. अंग थंड, कातडे ओंगळ, नजर क्रूर अशी त्याने त्यांची निर्भर्त्सना केली आणि विधात्याने असले प्राणी फारसे निर्माण करण्याची खटपट केली नाही, अशा अर्थाचे विधान केले. विधात्याने खटपट केली होती, हे पुढे कळले. आज उभयचरांच्या साडेआठ हजारांहून अधिक आणि सरीसृपांच्या बारा हजारांहून अधिक जाती ठाऊक आहेत. १८२५ साली फ्रेंच शास्त्रज्ञ लात्रेय याने हे दोन स्वतंत्र वर्ग मानले. शास्त्रातले भांडण तेव्हा मिटत आले. आपल्या मनातले अजून मिटलेले नाही.

ते मिटले नाही तर काय बिघडते, हे मी स्वतःच्या उदाहरणाने सांगतो. लहानपणी माझ्या हातून एक अपराध घडला आहे. कोकणात आमच्या आजोळी मृगाचा पाऊस नुकताच पडून गेला होता. परसात मामा केळीची आळी उकरीत होते. कुदळीच्या घावासरशी मातीतून दीड वीत लांबीचे, काळसर, चकचकीत असे काहीतरी वळवळत बाहेर आले. मामा ओरडले, "साप! साप!" मी काठी उचलली आणि दोन फटक्यांत काम संपवले. माझे वय तेव्हा दहा वर्षांचे असेल. त्या दिवशी माझे फार कौतुक झाले. मामीने हातावर लाडू ठेवला. पुढे कॉलेजात गेलो. प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत फळीवरच्या एका बरणीत तोच प्राणी मला दिसला. चिठ्ठीवर लिहिले होते: देवगांडूळ, वर्ग उभयचर. म्हणजे मी मारला तो साप नव्हताच. तो बेडकाचा बिनपायांचा भाऊबंद होता. वेदान्ती मंडळी दोरीला साप समजण्याचा दाखला देतात. त्यात दोरीचे काही बिघडत नाही. माझ्या भ्रमात मात्र एक जीव गेला. तेव्हा हा भेद केवळ परीक्षेत पाच गुणांसाठी लिहिण्याचा नाही, एवढे त्या बरणीपुढे मला उमगले.

मग भेद आहे तरी कशात? पाय मोजून तो कळत नाही. सापाला पाय नाहीत आणि देवगांडुळालाही नाहीत. सरड्याला चार आहेत आणि बेडकालाही चार आहेत. राहण्याच्या जागेवरूनही तो कळत नाही, हे मगरीने दाखवून दिलेच आहे. रक्त थंड असणे हीही खूण नव्हे, कारण दोघांनाही आपण शीतरक्ती म्हणतो. शिवाय तो शब्दच फसवा आहे. त्यांचे रक्त थंड नसते; ते बाहेरच्या हवेप्रमाणे थंड किंवा गरम होते. सकाळी दगडावर ऊन खात बसलेल्या सरड्याचे रक्त आपल्याइतके गरम असू शकते.

माझ्या मते भेद ओळखण्याच्या खुणा दोन. एक कातडी आणि दुसरी जन्माची जागा. प्रथम कातडी पाहू.

आमच्या पिढीतल्या विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी बेडूक कापला आहे. पोटावर कातरीने पहिली चीर दिली की बेडकाची कातडी अंगाला न चिकटलेल्या ढगळ सदऱ्यासारखी सुटून येते. ती उलटून पाहिली तर आतल्या बाजूला तांबड्या रक्तवाहिन्यांचे बारीक जाळे दिसते. कातडीला एवढे रक्त कशासाठी? कारण बेडूक कातडीने श्वास घेतो. त्याला फुप्फुसे असतात, पण ती साधी आणि अपुरी. अंगावरच्या ओलाव्यात हवेतला प्राणवायू विरघळतो आणि पातळ कातडीतून थेट रक्तात जातो. बेडूक पाणीही तोंडाने पीत नाही. ओल्या जागी पोट टेकून बसला की मांड्यांजवळच्या आणि पोटाच्या कातडीतून पाणी आत मुरते. आपण पाण्याच्या भांड्यात बसून तहान भागवण्यासारखेच हे झाले.

ही सोय मोठी आहे. पण जी कातडी पाणी आत घेते ती पाणी बाहेरही सोडते. दाराला कडीच नाही म्हणा ना! उन्हात बेडूक बसला तर त्याच्या अंगातले पाणी उडून जाते. कातडी वाळली की श्वासही कोंडतो. म्हणून बेडूक रात्री हिंडतो, सावली धरतो आणि उन्हाळा आला की जमिनीत उतरतो. आपल्या माळरानावरच्या काही बेडकांच्या मागच्या टाचेला खुरप्यासारखा कठीण उंचवटा असतो. त्याने माती उकरीत हा प्राणी उलट्या पावली, पाठीकडून खाली खाली जातो. आपल्या पूर्वजांनी हे फार बारकाईने पाहिले होते. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात बेडकांवर एक स्वतंत्र सूक्त आहे, एकशे तिसरे. वर्षभर व्रतस्थ राहून पाऊस येताच बोलू लागणाऱ्या ब्राह्मणांची उपमा ऋषीने बेडकांना दिली आहे, हे आपल्यापैकी पुष्कळांना माहीत असेल. पण मला त्याहून नवल वाटते ते त्याच सूक्तातल्या दुसऱ्या उपमेचे. तळ्यात पडलेला बेडूक ऋषीला वाळलेल्या चामड्याच्या पखालीसारखा दिसला, जिच्यावर आकाशातून पाणी आले. पखाल म्हणजे नुसते कातडे आणि पाणी. बेडकाचे वर्णन इतक्या थोडक्यात मी तरी दुसरीकडे पाहिलेले नाही.

आता त्या खांबावरच्या पालीकडे या. पालीची, सरड्याची, सापाची कातडी कोरडी असते. साप बुळबुळीत असतो असे आपण धरून चाललेलो असतो. प्रत्यक्षात तो रेशमी पिशवीसारखा कोरडा लागतो. माझ्या शब्दावर विश्वास ठेवा, अनुभव घ्यायला जाऊ नका! त्याच्या कातडीवर खवले असतात आणि ते आपली नखे ज्या द्रव्याची बनतात त्याच जातीच्या द्रव्याचे असतात. घराला बाहेरून गिलावा करावा तसा हा प्रकार आहे. आतले पाणी आत राहते आणि बाहेरचे बाहेर. कातडीने श्वास घेण्याचा मार्ग अर्थात जवळपास बंद होतो, म्हणून फुप्फुसे चांगली लागतात आणि ती फुलवायला बरगड्या लागतात. बेडकाला हवा ओढण्याजोग्या बरगड्याच नाहीत. तो घशाने हवा आत ढकलतो. म्हणून तो नुसता बसलेला असला तरी त्याच्या गळ्याची कातडी सारखी खालीवर होताना दिसते.

पाणी वाचवण्याची सरीसृपांची चिकाटी किती असावी? पालीची विष्ठा आपल्या घरातल्या प्रत्येक गृहिणीने पुसलेली आहे. तिला एका टोकाला पांढरा ठिपका असतो. तो ठिपका म्हणजे पालीचे मूत्र. ते ती पाण्याबरोबर वाया घालवीत नाही. घट्ट करून टाकते. अशी काटकसर करणाऱ्याला वैशाखाची काय भीती? मघाच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर येथे मिळाले.

उरलेले निम्मे उत्तर जन्माच्या जागेत आहे. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आहे. मुलगी सासरी कितीही रमलेली असो, त्या वेळी तिला माहेरची ओढ लागते. मला असे वाटते की प्राण्यांचे खरे कूळ ओळखायचे असेल तर तो राहतो कुठे हे विचारू नये. बाळंतपणाला जातो कुठे हे विचारावे.

बेडूक आयुष्यातला बराच काळ जमिनीवर काढतो. पण पहिला पाऊस पडला, नराने साद घातली, की मादी पाण्याकडे धावते. बेडकाची अंडी आपण पाहिली असतील. भिजवलेल्या साबुदाण्यासारखा तो बुळबुळीत गोळा असतो. भेकाच्या अंड्यांची मण्यांच्या माळेसारखी लांब सर असते. त्या अंड्यांना कवच नाही. तळहातावर घेऊन उन्हात धरली तर थोड्या वेळात सुकून जातील. त्यांतून निघते ते पिल्लू बेडकासारखे नसतेच. तो बेडूकमासा असतो. शास्त्राच्या पुस्तकांत त्याला भैकेर म्हणतात. त्याला शेपटी आहे, माशासारखे कल्ले आहेत, पाय नाहीत. मग मागचे पाय फुटतात, पुढचे फुटतात, कल्ले जाऊन फुप्फुसे येतात, शेपटी अंगातच जिरते आणि एके दिवशी हा जीव काठावर उडी मारतो. उभयचर या शब्दाचा खरा अर्थ येथे आहे. मूळ ग्रीक शब्दाचा आशय दोन्ही प्रकारचे जीवन जगणारा असा आहे. दोन ठिकाणी हिंडणारा असा अर्थ घेतला की मगर आडवी येते. एकाच जन्मात दोन आयुष्ये जगणारा, असा घ्या. त्या मुलाला मी हेच सांगत असे: मगरीचे पिल्लू अंड्यातून निघते ते मगर म्हणूनच, तिचे बाळपण दुसऱ्या रूपात जात नाही.

पाण्याचे हे माहेर किती परावलंबी आहे पाहा. आंबोलीच्या कातळसड्यावर एक भेक राहतो. शास्त्रज्ञांनी त्याचे वेगळेपण ओळखून २००९ साली त्याला नाव दिले. सह्याद्रीत पहिल्या पावसाने कातळावरच्या खळग्यांत ओंजळ-दोन ओंजळी पाणी साचले की त्याचे लग्न आणि बारसे त्यातच उरकते. पुढे आठवडाभर पावसाने दडी मारली तर खळगा आटतो आणि सारा वंश तेथेच वाळून जातो.

आता याच्या अगदी उलट चित्र. रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यात वेळास नावाचे गाव आहे. नाना फडणविसांचे गाव म्हणून आपण ते ओळखतो. तेथल्या वाळूत दर हिवाळ्यात समुद्री कासविणी अंडी घालायला येतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने आणि गावकऱ्यांनी २००२ सालापासून ही अंडी राखायला सुरुवात केली, आणि पिल्ले समुद्राकडे जाताना पाहायला आता दूरदूरची माणसे जातात. हे कासव जन्मभर समुद्रात असते. त्याचे पाय वल्ह्यांसारखे झाले आहेत. जमिनीवर त्याला धड चालताही येत नाही. नर तर एकदा पिल्लू म्हणून पाण्यात शिरला की बहुधा पुन्हा किनाऱ्याला लागतच नाही. पण मादीला अंडी घालायची वेळ आली की ती रात्री वाळूवर चढते, धापा टाकत, अंग ओढत भरतीच्या रेषेच्या वर जाते, मागच्या वल्ह्यांनी हातभर खड्डा खणते, शंभरेक अंडी घालते, वाळू लोटते आणि परत जाते. एवढे कष्ट कशासाठी? समुद्रातच अंडी का घालीत नाही? कारण ती पाण्यात बुडाली तर आतले पिल्लू गुदमरून मरेल. त्या अंड्याला हवा लागते. कोट्यवधी वर्षे समुद्रात नांदूनही कासवाचे माहेर जमीनच राहिले.

बेडूक जमिनीवर राहतो आणि बाळंतपणाला पाण्यात जातो. कासव पाण्यात राहते आणि बाळंतपणाला जमिनीवर येते. उभयचर आणि सरीसृप यांतला सारा भेद या एका वाक्यात मावतो, असे मला वाटते.

हे घडले कसे? सरीसृपांच्या पूर्वजांनी एक विलक्षण युक्ती साधली. बाळंतपणासाठी तळे गाठण्याऐवजी त्यांनी तळेच अंड्यात घेतले. अंड्याला बाहेरून कवच आले. त्यातून हवा जाते, पण पाणी सहजासहजी उडत नाही. आत एक पातळ पिशवी आली, तिच्यात पाणी आणि त्या पाण्यात तरंगणारे पिल्लू. शिदोरीला पिवळा बलक, आणि घाण साठवायला वेगळी पिशवी. बेडूकमासा डबक्यात जे दिवस काढतो ते पालीच्या पिल्लाने या चिमुकल्या तळ्यात काढले. कॅनडातल्या नोव्हा स्कोशिया प्रांतात जॉगिन्स येथे, दगड झालेल्या झाडांच्या पोकळ बुंध्यांत, सरड्याएवढ्या एका प्राण्याची हाडे एकोणिसाव्या शतकात सापडली. सुमारे ३१ कोटी वर्षांपूर्वीचा हा हायलोनोमस, पहिल्या सरीसृपांपैकी एक. ऑस्ट्रेलियात नखे उमटलेले पाऊलठसे सापडले आहेत आणि ते सुमारे ३५ कोटी वर्षांपूर्वीचे असल्याचे २०२५ साली प्रसिद्ध झाले. नखे हीही सरीसृपांच्या बाजूची खूण. बेडकाच्या बोटांना बहुधा नखे नसतात. म्हणजे ही युक्ती आपण समजत होतो त्याहूनही जुनी असावी.

येथे आपल्याला वाटेल की हे सारे पाली-कासवांचे झाले, आपला काय संबंध? माझ्या भगिनींना तो संबंध माझ्याहून चांगला ठाऊक आहे. बाळंतपणाच्या वेळी पाणमोट फुटते असे आपण म्हणतो. ती पाणमोट म्हणजे हीच पिशवी. त्या जुन्या प्राण्यांच्या वंशातून सरीसृप झाले, पक्षी झाले आणि आपणही झालो. त्यांनी ते तळे कवचात ठेवले, आपल्या आयांनी पोटात ठेवले. या मंडपातला प्रत्येक जण नऊ महिने त्या तळ्यात पोहून आलेला आहे.

शास्त्रात नियम सांगितला की अपवादही प्रामाणिकपणे सांगावे लागतात. सह्याद्रीतले काही झुडुपी बेडूक ओल्या पाल्यात किंवा मातीत अंडी घालतात, आणि त्यांतून बेडूकमासा न निघता थेट चिमुकला बेडूक निघतो. पण तेथेही ओल हवीच, कवच नाहीच. उलट घोणस अंडी न घालता पिल्ले घालते. बहुतेक समुद्री सापही पिल्ले पाण्यातच घालतात, म्हणून त्यांना जमिनीवर यावे लागत नाही. पण त्या पिल्लाभोवती पोटात तीच पाण्याची पिशवी असते. माहेरी जाता आले नाही तर सासरीच माहेरची माणसे बोलावून घ्यावीत, तसेच हे.

आता माझ्या त्या अपराधाकडे परत येतो. पावसाळ्यात आपल्या बागेत, कुंडीखाली, ओल्या मातीत गांडुळासारखे दोन प्राणी दिसू शकतात. एक वाळा. हा खरा साप, पण वीतभरसुद्धा नसलेला. अंगावर बारीक कोरडे खवले, शेपटीच्या टोकाला बारीक काटा, मधूनच जीभ बाहेर येते. तो मुंग्या-वाळवीची अंडी खातो आणि माणसाला काडीचाही उपद्रव देत नाही. गंमत अशी की या जातीत सगळ्या माद्याच. नराची गरजच नाही. म्हणून कुंडीच्या मातीतून एक वाळा परदेशी गेला तरी त्याचा संसार सुरू होतो, आणि असा तो जगभर पोचला आहे. दुसरे देवगांडूळ. ते सह्याद्रीच्या आणि कोकणाच्या ओल्या मातीत असते. कातडी ओली, बुळबुळीत, अंगावर खवल्यांऐवजी एकामागून एक वळी. त्याच्या काही जातींत मादी पाण्याजवळच्या ओल्या मातीत अंडी घालून त्यांच्याभोवती वेटोळे करून बसते आणि पिल्ले पुढे पाण्यात जातात. तेही निरुपद्रवी. एकाची कातडी कोरडी, दुसऱ्याची ओली. एवढे पाहण्याचा धीर मला त्या दिवशी झाला असता तर!

सगळ्याच सापांशी असा धीर धरून चालणार नाही, हे मी जाणतो. आपल्या देशात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मेली, म्हणजे दरसाल सरासरी ५८ हजार, असा शास्त्रज्ञांचा हिशेब आहे. मेलेल्यांत बहुतेक खेड्यांतली, शेतात राबणारी माणसे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांची ओळख म्हणूनच घराघरांत हवी. दंश झाला तर कापू नये, चोखू नये, करकचून बांधू नये, मांत्रिकाकडे वेळ दवडू नये. माणसाला धीर देऊन, हालचाल न करू देता तडक रुग्णालयात न्यावे. त्यावरचे औषध तेथेच मिळते. पण धामण, दिवड, नानेटी, कवड्या, मांडूळ हे साप माणसाला मारणारे नव्हेत. घोरपड आणि सापसुरळी विषारी नव्हेत. साप साप म्हणून भुई धोपटायची सवय लागली की काठी भलत्यावर पडते आणि खरा नाग निसटून जातो.

आणि बेडूक? त्याच्याविषयी आपल्याला भीती नाही, म्हणून काळजीही नाही. एके काळी आपल्या देशातून बेडकांचे पाय परदेशी पानांत वाढायला जात. १९८७ साली सरकारने ती निर्यात बंद केली. पण आता त्याच्यावरचे संकट पोत्यात भरून जात नाही. ते त्याच्या कातडीतून आत येते. ज्या दाराला कडी नाही त्यातून पाणी येते, तसे शेतातले कीटकनाशक येते, गटाराचे पाणी येते. ऑस्ट्रेलियात आणि मध्य व दक्षिण अमेरिकेत एक बुरशी बेडकांच्या कातडीला लागली. कातडी बिघडली की अंगातल्या क्षारांचा तोल जातो आणि शेवटी हृदय थांबते. या रोगाने निदान ५०१ जातींची संख्या घटली आणि त्यांपैकी ९० जाती नामशेष झाल्या असाव्यात, असे २०१९ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले.

शेवटी दोनच आकडे सांगतो. जगातल्या सरीसृपांपैकी सुमारे २१ टक्के जाती धोक्यात आहेत, असे २०२२ सालच्या पाहणीत आढळले. उभयचरांची पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. तेथे हे प्रमाण सुमारे ४१ टक्के निघाले, जवळजवळ दुप्पट. आपण इतका वेळ ज्या भेदाची चर्चा केली तो या दोन आकड्यांत उतरला आहे. ज्याच्या अंगाला गिलावा आहे आणि ज्याने तळे स्वतःबरोबर नेले तो काहीसा तग धरून आहे. जो उघड्या कातडीने जगतो आणि लेकरांसाठी बाहेरच्या डबक्यावर विसंबतो, तो आधी संपतो आहे. कासवाचेही फार बरे चालले आहे असे नाही. त्याची पिल्ले नर होणार की मादी हे वाळूची ऊब ठरवते; वाळू अधिक तापली की माद्याच माद्या जन्मतात.

महिन्याभरात मृग लागेल. पहिल्या सरी कोसळल्या की आपण बसलो आहोत त्याच मातीतून ती वाळलेली पखाल वर येईल आणि रात्रभर ओरडेल. आपली झोप मोडेल. त्या रात्री एवढे आठवावे की कोणाची तरी लेक माहेरी आली आहे. ते माहेर म्हणजे मैदानाच्या कडेचे ते एक डबके. नगरपालिकेने ते बुजवायचे ठरवले तर पावसाळा सरेपर्यंत थांबायला सांगणारी दोन माणसे या श्रोत्यांतून निघाली, आणि पुढच्या खेपेला मातीतून काही वळवळत वर आले तेव्हा काठी उचलण्याआधी कोणी ती कातडी ओली की कोरडी एवढे लांबून पाहिले, तर माझे आजचे बोलणे वाया गेले नाही असे मी समजेन. मामीने दिलेल्या त्या लाडवाची थोडीशी फेडही होईल.

त्या पालीने आतापर्यंत आणखी पाचसहा पाखरे गिळली आहेत. तिचे पोट भरले आणि माझी वेळही भरली.